योजनेच्या यादीत यकृत कधी येणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, असे आपल्या जाहिराती सांगतात. त्याच भरवशावर आम्ही माझ्या धाकट्या भावाला मोठ्या शहरातील रुग्णालयात हलवले. नळाच्या गढूळ पाण्यातून त्याला कावीळ झाली होती. पाहता पाहता तो घरच्यांना ओळखेनासा झाला आणि त्याचे रक्त गोठेनासे झाले. यकृत निकामी होत आहे, प्लाझ्मा एक्सचेंज, म्हणजे रक्तातील द्रव भाग (प्लाझ्मा) काढून दात्याचा प्लाझ्मा भरणे, तातडीने करावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने मात्र यादी चाळून, यकृतासाठी ही प्रक्रिया योजनेत बसत नसल्याचे अतिशय नम्रपणे सांगितले. आईचे दागिने मोडून पैसे उभे राहीपर्यंत भाऊ हाती लागला नाही.

कृत्रिम यकृत, म्हणजे यकृताचे रक्तशुद्धीचे काम शरीराबाहेर करणारे उपचार, हा चमत्कार नव्हे, हे मला आता कळते. जुनाट यकृतविकार अचानक बळावलेल्या रुग्णांचे प्राण ‘मार्स’ या अल्ब्युमिन नावाचे प्रथिन वापरून रक्त शुद्ध करणाऱ्या डायलिसिसने वाचतात, असे मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. तेव्हा सरसकट यंत्रे घ्या, असे मी म्हणत नाही. खरेदीचा उत्साह आपल्या खात्याला तसाही कमी नाही! परंतु आधी धडधाकट असलेल्या माणसाचे यकृत एकाएकी निकामी झाले, तर गोष्ट वेगळी असते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील 182 रुग्णांच्या चाचणीत, सलग तीन दिवस मोठ्या प्रमाणात प्लाझ्मा बदललेल्यांपैकी सुमारे 59 टक्के रुग्ण जिवंत घरी गेले, तर इतरांपैकी 48 टक्के. यकृत सावरेपर्यंत किंवा प्रत्यारोपण होईपर्यंतची ती मुदत असते, आणि तीच आम्हाला नाकारली गेली.

डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट वेगळ्या काढणाऱ्या अफेरेसिस यंत्रावरही प्लाझ्मा बदलता येतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांना जिल्हा रुग्णालयात डायलिसिस देता येते, मग यकृताच्या रुग्णाने काय गुन्हा केला? ज्या व्यवस्थेने पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळू दिले, तीच उपचाराच्या वेळी यादी दाखवते, याला मी दुर्दैव म्हणू की धोरण?

यकृत एकाएकी निकामी झालेल्या रुग्णासाठी प्लाझ्मा एक्सचेंज योजनेत घ्यावे आणि कावीळ झालेल्याची शुद्ध हरपू लागताच त्याला कोठे पाठवायचे, याचे लेखी आदेश प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला द्यावेत. या पत्राची पोच नको. शासन निर्णयाचा क्रमांक कळवावा.

आपला,
मराठवाड्यातील एक नागरिक