मुस्लिमांत सुवार्ता आणि आपल्या कोल्हापूरचा रॉबर्ट

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रात मिशनरी लोकांवरनं जो वाद चाललाय तो वाचतोय. एकजण म्हणतो मुसलमानांच्या गल्लीत येशूचं नाव घेऊन जाणाऱ्यांना आत टाका, दुसरा (बहुतेक आमच्यातलाच असावा) म्हणतो जगाचा शेवटचा काळ जवळ आलाय, आता जोर लावा, प्रत्येक घरापर्यंत पोचा. मी स्वतः चर्चला जाणारा ख्रिस्ती माणूस, मला दोघांचंही पटत नाही, आणि आमच्यातल्याचं तर जरा जास्तच खटकलं म्हणून लिहितोय.

वायल्डर मेमोरियल चर्च गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण त्यांचा मुलगा रॉबर्ट, १८६३ ला इथंच जन्मलेला, त्याची गोष्ट आमच्या चर्चमधल्या पोरांना पण माहीत नाही. हा रॉबर्ट अमेरिकेत शिकला आणि १८८६-८७ ला तिथल्या कॉलेजांत फिरून पोरांना मिशनच्या कामाला बोलवत सुटला, आणि मिशिगनच्या होप कॉलेजात त्याचं ऐकून सॅम्युएल झ्वेमर नावाच्या विद्यार्थ्याने आपलं नाव दिलं. मुस्लिमांमधल्या सुवार्तेच्या (येशूचा संदेश सांगायच्या) कामात जगभर ज्याचं नाव पहिलं घेतात तो हाच झ्वेमर, आणि त्याला हाक मारणारा आपल्या कोल्हापुरात जन्मलेला! पुढे म्हातारपणी रॉबर्ट स्वतःसुद्धा कैरोला जाऊन तिकडच्या चर्च-मिशनांचं काम बघत होता.

आता या झ्वेमरचं काय झालं ते बघा. अरबस्तानात जायचं म्हटल्यावर त्याच्या चर्चच्या बोर्डाने पैसे नाहीत म्हणून हात वर केले, मग १८८९ ला त्याने आणि जेम्स कँटिनने मिळून स्वतःच अरेबियन मिशन उभं केलं. स्वतःसाठी मागायला नको म्हणून झ्वेमर कँटिनच्या नावाने वर्गणी मागायचा आणि कँटिन झ्वेमरच्या नावाने (ही आयडिया मला लई आवडते, आपल्या कमिट्यांनी पण करून बघावी). १८९८ ला त्याच मिशनमध्ये असलेला भाऊ पीटर वारला. १९०४ च्या जुलैत बहरीनमध्ये दोन लहान मुली आठ दिवसांच्या आत गेल्या. आणि एवढं करून आयुष्यभरात बाप्तिस्मे किती, तर बोटावर मोजण्याइतके. आजच्या हिशोबाने हा माणूस सपशेल फेल. पण त्या मिशनने बहरीनमध्ये काढलेलं हॉस्पिटल आजही चालू आहे, आणि झ्वेमरने काम सोडलं नाही, शेवटपर्यंत लिहीत, शिकवत राहिला.

हे सांगायचं कारण म्हणजे हल्ली काही संस्था आमच्या तरुण सुवार्तिकांकडून महिन्याचा रिपोर्ट मागतात, किती घरं झाली, किती प्रचारपत्रकं वाटली, किती जणांनी येशूला मानायचा निर्णय घेतला, आणि आकडा कमी आला की मानधनाचं बघू म्हणतात. याला काय देवावर भरवसा म्हणायचं? हा तर मार्चएन्डचा टार्गेट झाला. मग ती बिचारी पोरं आकड्यासाठी काहीतरी करतात, आजार बरा होईल म्हणून सांगतात, किंवा कशासाठी आलोय ते लपवतात, आणि त्यातनं संशय वाढतो आणि मार खायची वेळ आली की रिपोर्ट मागणारा साहेब फोन उचलत नाही.

देवाचं मार्गदर्शन म्हणजे नेहमी "जा" एवढंच असतं असं आमच्यात धरून चालतात. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १६ वा अध्याय उघडून बघा, येशूचा प्रेषित पौल, त्याला बिथुनियात जायचं होतं, काम सुवार्तेचंच होतं, तरी पवित्र आत्म्याने जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला आणि तो तिकडं गेला. म्हणजे थांबणं पण आज्ञेतच बसतं. त्याच पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय की मी लावलं, अपुल्लोसने (त्याच्या सोबतच्या प्रचारकाने) पाणी घातलं, वाढवणारा देव. आणि मजा म्हणजे कुराणात पण, सूरह अल-कससच्या ५६ व्या आयतीत, पैगंबरांना हेच सांगितलंय की तुला जो प्रिय आहे त्याला तू हिदायत (योग्य मार्ग) देऊ शकत नाहीस, अल्लाह ज्याला हवी त्याला देतो. मग आपण मधल्यामध्ये कोण लागून गेलो जोर लावणारे?

आता ते आत टाका म्हणणारे. घटनेच्या २५ व्या कलमात आपल्या धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, आणि १९७७ ला सुप्रीम कोर्टाने त्याला मर्यादाही सांगितली की प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. जबरदस्ती, आमिष, फसवणूक असेल तर कारवाई व्हावी, आमचा असला तरी व्हावी. पण कुणी स्वतःहून ईसा (येशू) कोण होता, इंजीलमध्ये (येशूच्या शुभवर्तमानात) काय आहे विचारलं आणि मी उत्तर दिलं तर तो गुन्हा कसा? जून २०२३ ला या गावात एका सोशल मीडिया स्टेटसवरनं कशी दंगल झाली ते आपण बघितलंय, म्हणून मी भोंगा लावून मोहल्ल्यात जाणार नाही, कुणी जाऊ पण नये. ज्या गावात शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग पण काढलं आणि ख्रिस्ती पोरांचं होस्टेल पण, तिथं दोन शेजाऱ्यांनी चहा पिताना धर्मावर बोलायला काही अडचण नसावी.

हे दोन्ही बाजूंनी लागू आहे हे आमच्या लोकांनी मान्य करावं. उद्या एखादे मौलाना माझ्या दारात आले आणि त्यांचा दीन (धर्म) समजावून सांगायला लागले तर मी दार लावणार नाही, पोरांना पण आतल्या खोलीत पाठवणार नाही. आमच्या पाळकसाहेबांना (चर्चच्या पास्टरना) हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, या रविवारी तूच उभा राहून बोल यावर. बघू, बोलेन म्हणतो.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर