जास्वंद उपटून कण्हेर लावण्यास हरकत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : ब विंगसमोरच्या वाफ्यातील जास्वंदी काढून तिथे कण्हेर लावण्याबाबत (यापूर्वी दिलेली पत्रे : सात. मिळालेली उत्तरे : शून्य.)

महोदय,

स. न. वि. वि.

काल दुपारी साडेतीनच्या सुमारास ब विंगसमोर एक टेम्पो थांबला आणि त्यातून कण्हेरीची चौदा रोपं उतरली. उरुळी कांचनहून आली होती. टेम्पोवाल्याला पोच हवी होती आणि खजिनदारसाहेबांची वामकुक्षी चालू होती, म्हणून सही मी केली. ज्या रोपांना माझी हरकत आहे त्यांची पोच माझ्याच अक्षरात आहे, याचा उद्या कुणी वेगळा अर्थ काढू नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली. 'जास्वंदीला वारंवार कीड पडते व पाणी फार लागते, सबब येत्या रविवारी ती काढून कमी देखभालीची कण्हेर लावण्यात येईल.' खाली सही खजिनदारांची. आपली नाही, सचिवांचीही नाही.

हे ठरलं कोणत्या सभेत? मागच्या तीन सभांची इतिवृत्तं मी वाचली. पहिल्यात लिफ्ट, दुसऱ्यात लिफ्ट, तिसऱ्यात कोजागिरीला भेळ की मिसळ. जास्वंदीचा 'ज' नाही. सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तिथे हा विषय आणता आला असता. शिवाय शहरातल्या झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा आहे. जास्वंद त्यात बसते की नाही, या खोलात मी शिरत नाही. शिरले तर २००९ साली ती लावताना कुणाची परवानगी घेतली होती, असंही कुणी विचारील. तेव्हा समिती नव्हती, बिल्डर होता, आणि त्याने त्या जागेत फुटक्या फरशा टाकल्या होत्या. त्या मी आणि आमच्या ह्यांनी घमेल्याने उचलल्या आणि भर पावसात वीतभर काड्या खोचल्या. नऊ खोचल्या, सहा जगल्या. त्याच या सहा.

आता कीड. खजिनदारसाहेब ज्याला 'बुरशीसारखं काहीतरी' म्हणतात तो पिठ्या ढेकूण. शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखा दिसतो. त्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्याच त्याला फांदीवरून फांदीवर नेतात. उपाय घरगुती आहे. बाधलेले शेंडे कापून पिशवीत बांधायचे, पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल नि थोडं साबणाचं पाणी घालून पानांच्या खालून फवारायचं. हे मी फेब्रुवारीतल्या पत्रात आकृती काढून दिलं होतं. माळ्याने काय केलं, तर शेंडे कापले आणि उरलेल्या झाडांच्याच बुडाशी टाकले. त्याला मी दोष देत नाही. त्याला पत्र कुणी दाखवलंच नसणार.

पाण्याचंही तेच. जास्वंदीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, हे खरं आहे. पण मार्चपासून बागेच्या नळाला कुलूप आहे आणि किल्ली खजिनदारांकडे, ब-१०४ मध्ये. चार दिवस माती भेगाळते, पाचव्या दिवशी पाइप सोडून साहेब फोनवर बोलत बसतात आणि पार्किंगपर्यंत तळं होतं. अशाने कळ्या न उमलता गळतात, पानं पिवळी पडतात. मग तीच पिवळी पानं मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकायची आणि खाली लिहायचं, 'बघा, झाड दमलंय.' माझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांतून यांच्या गाडीवर दोन थेंब पडले तेव्हा मात्र पाण्याच्या नासाडीवर मला लेखी नोटीस आली होती. तो विषय वेगळा. (पत्र क्र. ३ पाहावे.)

मी काही कण्हेरीची वैरी नाही. काटक झाड आहे. मुळं धरली की आठवडाभर पाणी नसलं तरी हूं की चूं करत नाही, भर उन्हाळ्यात गुलाबी-पांढरे झुपके मिरवते, छाटलं की दाट फुटते. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून हायवेच्या दुभाजकावर ती दिसते. पण गुरं तोंड का लावत नाहीत, याचा विचार समितीत कुणी केला का? पान, फूल, खोड, मूळ, सगळं विषारी. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो कातडीलाही चुरचुरतो, आणि पोटात गेलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. छाटलेल्या फांद्या जाळायच्याही नाहीत, धूर बाधतो. आपला माळी पालापाचोळा कुठे जाळतो, ते आपल्याला ठाऊक आहेच. बालवाडीच्या भिंतीला लागून.

आणि त्या वाफ्याशी खेळतं कोण? दुपारी चार वाजता खाली उतरून बघा. अ आणि ब विंगच्या मिळून पाच-सहा मुली तिथे भातुकली मांडतात. जास्वंदीच्या पाकळ्यांची भाजी, पानांच्या पोळ्या. माझी नात पाकळीचं बूड सोलून नाकाला चिकटवते आणि कोंबडा होते. देठाशी मध असतो म्हणून धाकटी मुलं फूल उपटून चोखतात. मी ओरडते, पण ते फुलासाठी, पोरांसाठी नाही. उद्या त्याच जागी कण्हेर आली तर हीच मुलं त्याच सवयीने तिच्या पानांच्या पोळ्या लाटतील आणि खोटं खोटं जेवताना एखादं खरं चावतील. त्या वेळी 'कमी देखभाल' हा शब्द कुणी उच्चारून दाखवावा.

हे मी खजिनदारांना जिन्यात सांगितलं. त्यांचं म्हणणं, 'गणपतीच्या पत्रींत कण्हेर असते, वहिनी. देवाला चालते आणि तुम्हाला चालत नाही?' असते. पण पत्री वाहतात, चघळत नाहीत. शिवाय त्याच गणपतीला लाल फूल कुठलं लागतं, ते यांच्या घरच्यांना विचारा. चतुर्थीला पहाटे वाफ्यापाशी पहिला नंबर त्यांचाच असतो.

'कण्हेरीला कीड पडत नाही' हेही खरं नाही. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर हळदीसारखा पिवळा मावा येतो. काळे आडवे पट्टे असलेल्या, शिंगं फुटल्यासारख्या अळ्या पानं खातात, त्यांची पुढे फुलपाखरं होतात. अळी बघून ग्रुपवर किंचाळणारे कोण आहेत, त्यांची नावं मी लिहीत नाही. उलट कण्हेरीच्या फुलात मध नसतो, त्यामुळे रोज सकाळी जास्वंदीला उलटा लटकून देठाशी चोच खुपसणारा शिंजीर तिच्याकडे फिरकणार नाही. ब-३०१ चे काका त्याच्यासाठी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. बायपास झाली आहे त्यांची.

एक मान्य करते. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमललं की दुसऱ्या दिवशी मान टाकतं आणि त्याचा चिकट लगदा फरशीवर पडतो. त्यावरून ब-२०२ च्या आजी घसरता घसरता वाचल्या, हे खजिनदार सगळ्यांना सांगतात. त्या चप्पल बदलताना घसरल्या होत्या. मी तिथे होते.

या पत्रास ब विंगमधल्या बहुतेक सर्वांचा पाठिंबा आहे. काहींनी तो तोंडी दिला आहे, काहींनी नाव न घालण्याच्या अटीवर, आणि ब-४०३ ने मान हलवली, ती मी होकार धरते.

माझ्या मागण्या अवास्तव नाहीत. रविवारचा कार्यक्रम थांबवावा. नळाच्या किल्लीची दुसरी प्रत माझ्याकडे द्यावी. चौदा रोपं परत पाठवायची नसतील तर जनरेटरमागे, दक्षिणेच्या भिंतीला, जिथे नळ नाही, दिवसभर ऊन आहे आणि पोरं जात नाहीत, तिथे लावावीत. कण्हेरीला ती जागा मानवेल. त्यातून दोन उरतील, ती खजिनदारांच्या स्वतःच्या बाल्कनीत ठेवता येतील. त्यांचा नातू नुकता रांगायला लागला आहे, त्यामुळे ते विचार करूनच ठरवतील.

उत्तर लेखी द्यावे. ग्रुपवर अंगठा दाखवू नये.

कळावे,

आपली,
सभासद, ब-२०३

प्रत : सचिव, सूचना फलक (स्वतः लावत आहे, टाचण्याही माझ्याच)

ता. क. : काल रात्री मोजल्या तेव्हा सहा झाडांवर मिळून सतरा कळ्या उमलायच्या बेतात होत्या. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खाली उतरले तर फुलं आठ. त्यातली पाच मी घेतली, ती माझी रोजची आहेत. सतरातली बाकीची नऊ त्याआधीच एका निळ्या पिशवीतून पहिल्या मजल्यावर गेली होती. झाडं उपटायचीच असतील, तर निदान ज्याला ती नको आहेत त्याने फुलं तरी नेऊ नयेत.