रिकाम्या जागेत बांधून बघ

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या लायब्ररीची, म्हणजे इतर प्रोग्रामनी वापरायच्या कोडची, १.० आवृत्ती काढतोयस हे वाचून फार आनंद झाला. तू तिच्यावर किती रात्री जागलायस ते मी पाहिलंय. तू लिहिलंयस की तुझ्याकडे ती एका कमांडमध्ये बांधून (बिल्ड) होते, पण ज्यांनी कोडची रेपो उतरवून घेतली त्यांच्याकडे अडते. मला राहवेना, म्हणून काल रात्री मीच बांधायला घेतली.

त्यासाठी मुद्दाम रिकामा कंटेनर, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळी कोरी जागा, उघडला. आत कोडचा प्रोग्राम करणारा कंपाइलर, बांधणीचे नियम चालवणारं मेक आणि कोडचा इतिहास ठेवणारं गिट, बाकी काही नाही. तिसऱ्याच फाइलला कंपाइलर थांबला, कारण आवृत्ती क्रमांकाची हेडर फाइल (इतर फाइली जिच्यातल्या व्याख्या वापरतात ती) त्याला सापडेना. ही फाइल तुझी एक स्क्रिप्ट तयार करते आणि गिट तिच्याकडे दुर्लक्ष करतं. तेवढं बरोबर आहे. पण ती स्क्रिप्ट चालवण्याचा नियम मेकफाइलमध्ये कुठेच नाही. तू कधीतरी ती हाताने चालवली असणार आणि तेव्हापासून ती फाइल तुझ्या फोल्डरमध्ये पडून आहे. बाकीच्यांकडे ती कुठून येणार?

आणखी एक. ती स्क्रिप्ट क्रमांक काढते गिटच्या टॅगवरून, म्हणजे आवृत्तीला लावलेल्या खुणेवरून. कोणी फक्त शेवटचा कमिट उतरवला किंवा टारबॉलमधून, म्हणजे सोर्सच्या एका गठ्ठ्यातून, बांधलं, तर तिथे टॅग असतीलच असं नाही. क्रमांक एका साध्या फाइलमध्ये लिहून ती रेपोतच ठेव.

शिळ्या फाइलींनी फसवणं हे दुखणं जुनंच आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं तेच यातून. त्यांच्या सहकाऱ्याची अख्खी सकाळ एका बरोबर प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक आधीच सुधारलेली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती.

हेडरचा प्रश्न सोडवून पुढे गेलो, तर बिल्ड पूर्ण झाली आणि चाचण्याही हिरव्या आल्या. खरी काळजी मला इथे वाटली. माझ्या कंटेनरमध्ये फाइली दाबणारी आणि उघडणारी झेडलिब ही लायब्ररी नव्हती. तुझी कॉन्फिगर स्क्रिप्ट झेडलिब सापडली तर वापरते, नाही तर गुपचूप वगळते, आणि तिच्याशी संबंधित चाचण्याही वगळते. म्हणजे मी जी लायब्ररी बांधली तिला दाबलेल्या फाइली उघडताच येत नव्हत्या, आणि ते कोणी सांगितलंही नाही. याच कारणाने माझं एक पॅकेज एकदा लोकांच्या हातात अर्धवट गेलं होतं. त्यांच्या स्वतःच्या जतन केलेल्या फाइली त्यांना उघडता येईनात. मला ते दोन दिवसांनी कळलं, आणि त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून सांगतो, आपोआप शोधू नकोस. झेडलिब हवीच असं धर आणि ती नसेल तर बिल्ड मोठ्याने मोडू दे. ज्याला ती नको असेल तो स्पष्ट पर्याय देऊन बंद करेल.

इन्स्टॉलचं थोडक्यात सांगतो. तुझं मेक इन्स्टॉल थेट सिस्टिमच्या फोल्डरात फाइली टाकतं. पॅकेज बनवणाऱ्याला त्या आधी एका तात्पुरत्या फोल्डरात उतरवून मग गठ्ठा बांधायचा असतो. त्यासाठी प्रत्येक मार्गाच्या आधी डेस्टडिर हे चल लाव. शिवाय तुझी मुख्य हेडर फाइल एका आतल्या हेडरला बोलावते आणि ती आतली फाइल इन्स्टॉलच होत नाही. तुझ्या चाचण्या बिल्डच्या फोल्डरातूनच चालतात, त्यामुळे हे तुला कधी दिसणार नाही. दहा ओळींचा एक प्रोग्राम रेपोच्या बाहेर लिही आणि इन्स्टॉल झालेल्या लायब्ररीशी, ती कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगमार्फत, जोडून बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या ०.९ वर बांधलेला माझा एक जुना प्रोग्राम होता. तो पुन्हा कंपाइल न करता मी नव्या लायब्ररीवर चालवला. तो सुरू झाला, पण त्यातला मोजणीचा आकडा मधेच शून्य झाला. तासभर शोधल्यावर कारण सापडलं. पर्यायांच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकत्र ठेवलेल्या फील्डांच्या गटात, तू एक फील्ड वाढवलं आहेस, त्यामुळे तो २४ बाइटांवरून ३२ वर गेला. माझ्या प्रोग्रामने जुन्या हेडरप्रमाणे २४ बाइटच राखून ठेवले होते. तुझं नवं फंक्शन सुरुवातीला ३२ बाइट शून्य करतं. उरलेल्या ८ बाइटांत माझा आकडा होता. पुन्हा कंपाइल केलं की दोष नाहीसा होतो, आणि तू तर दर वेळी सगळंच कंपाइल करतोस, मग तुला तो दिसणार कसा?

जोडणी करताना लिंकर प्रोग्राममध्ये लायब्ररीचं एसओनेम, म्हणजे सुसंगतीचा आकडा असलेलं नाव, लिहून ठेवतो आणि चालवताना लायब्ररी मेमरीत आणणारा लोडर नेमकं तेच नाव शोधतो. तुझं एसओनेम ०.९ ला जे होतं तेच आजही आहे, म्हणून लोडरने बिनदिक्कत नवी लायब्ररी पुढे केली. त्या नावातला आकडा वाढव. आवृत्ती क्रमांक वेगळा आणि हा वेगळा. आवृत्ती दर महिन्याला बदलो, हा फक्त बायनरी सुसंगती तुटली, म्हणजे जुने प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता चालेनासे झाले, की बदलायचा. डेबियन या लिनक्स वितरणात तो आकडा पॅकेजच्या नावातच असतो, म्हणून तर लिबएसएसएल१.१ आणि लिबएसएसएल३ एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहू शकत होत्या. आणि १.० च्या आधीच स्ट्रक्ट हेडरमधून काढून टाक. बाहेरच्यांना नुसता पॉइंटर (पत्ता) दे, तयार करायला आणि मोडायला फंक्शनं दे. मग आत कितीही फील्डं वाढव.

टारबॉल हाताने बनवून चढवणार म्हणतोस, ते करू नकोस अशी विनंती आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट सापडली. तिचा दडवलेला भाग चाचण्यांच्या फाइली म्हणून गिटमध्येच होता, पण बिल्डच्या वेळी त्याला जागं करणारी स्क्रिप्ट फक्त टारबॉलमध्ये होती. एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनी खोदून काढलं म्हणून ते वेळेत उघडकीला आलं. तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण लायब्ररी घेणारा अनोळखी माणूस तुला ओळखत नाही. सही केलेल्या टॅगवरून गिट आर्काइव्ह वापरून टारबॉल काढ, म्हणजे कोणीही दोन्ही ताडून पाहू शकेल. बिल्डमध्ये आजची तारीख छापतोस, तीही सोर्स-डेट-इपॉक या चलातून घे. नाही तर तोच सोर्स दोनदा बांधला तरी बाइट जुळणार नाहीत.

पत्र फारच लांबलं. हेडरचा नियम आणि झेडलिब या दोन दुरुस्त्या मी करून तुझ्याकडे पाठवल्या आहेत. स्ट्रक्टचं तूच ठरव, ती रचना तुझी आहे. टॅग मारण्याआधी शाखा पुश करून मला कळव. मी नवा कंटेनर उघडेन आणि तो ०.९ वाला प्रोग्राम पुन्हा चालवेन. या वेळी लोडरने त्याला नवी लायब्ररी द्यायला साफ नकार द्यायला हवा.

तुझा,
विनायक