खुंटीला हात लावण्यापूर्वी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. आपल्या पुरवणीतील पेडल स्टील गिटारविषयीचा, म्हणजे पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या तरफांनी तारांचे सूर बदलता येणाऱ्या आडव्या गिटारविषयीचा, लेख आस्थेने वाचला. या वाद्याबद्दल मराठीत क्वचितच वाचायला मिळते, त्यामुळे लेखकाचे आभार मानून मगच तक्रारीकडे वळतो. वाद्य सुरातून उतरू लागले की तारा बदलाव्यात आणि ट्यूनरचा काटा मधोमध येईपर्यंत खुंट्या पिळाव्यात, असा जो सल्ला लेखाच्या अखेरीस दिला आहे, तो साध्या गिटारसाठी ठीक असला तरी या वाद्यावर बहुतेक वेळा दुखणे वाढवतो.

त्याचे कारण वाद्याच्या रचनेतच आहे. नॅशव्हिलमध्ये रुळलेल्या ई नाइन्थ जुळणीत, म्हणजे तारा कोणत्या सुरांत लावायच्या याच्या ठरावीक मांडणीत, दहा तारा असतात आणि त्यांपैकी बऱ्याच तारांना मोकळ्या सुराखेरीज आणखी एक, दोन किंवा तीन सूर द्यावे लागतात. पहिले पेडल पाचवी व दहावी तार बी वरून सी शार्पवर नेते, दुसरे पेडल तिसरी व सहावी तार जी शार्पवरून ए वर चढवते, तर गुडघ्याने ढकलायच्या तरफा चौथी व आठवी तार ई वरून कधी वर, कधी खाली नेतात. मोकळा सूर खुंटीने लागतो. पेडलचे आणि तरफेचे सूर मात्र दुसऱ्या टोकाला, चेंजरच्या (तारा ज्यांवर अडकवलेल्या असतात ती हलती बोटे ओढून तारांचा ताण बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूला असलेल्या नायलॉनच्या लहान नटांनी लावायचे असतात. पेडलचा सूर चुकला म्हणून खुंटी पिळली, तर बरोबर असलेला मोकळा सूरही हातचा जातो आणि मग एकामागून एक सगळीच तार-जुळणी विस्कटते.

म्हणून खुंटीला हात लावण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. तार छेडून मोकळा सूर ट्यूनरवर पाहावा, पेडल किंवा तरफ पूर्ण दाबून सोडावी, आणि तार कुठे परत येते ते पाहावे. ती मूळ जागी आली नाही एवढेच नोंदवून थांबू नये. ती चढी राहिली की उतरलेली, यावरच निदान अवलंबून असते. चढवणाऱ्या पेडलनंतर तार उतरलेली राहिली, तर संशय खुंट्यांजवळच्या रोलरवर, म्हणजे तार जिच्यावरून जाते त्या छोट्या फिरत्या चाकीवर, घ्यावा. पेडल दाबताना केसभर तार रोलरवरून चेंजरकडे सरकते आणि रोलर अडत असेल तर सोडल्यावर ती मागे जात नाही. त्याच कारणाने, उतरवणाऱ्या तरफेनंतर तार चढी परत येते. याउलट चढवून सोडल्यावर तार चढीच राहिली, किंवा उतरवून सोडल्यावर उतरलेलीच राहिली, तर रोलर निर्दोष आहे. तिथे चेंजरचे बोट आपल्या थांब्यापर्यंत परतत नाही, आणि त्यामागे कोरडा पडलेला सांधा, कमजोर झालेली परतीची स्प्रिंग किंवा अति आवळलेला नट असतो. तार दर दाबणीगणिक आणखी थोडी उतरत गेली, तर खुंटीवरचे वेढे घसरत आहेत असे समजावे. रोलरच्या आसाला हलक्या यंत्रतेलाचा एक थेंब पुरतो, दाट ग्रीस मात्र धूळ धरते आणि काही महिन्यांत पूर्वीपेक्षा वाईट अवस्था करते.

अति आवळलेल्या नटाची गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझी चौथी तार कित्येक महिने छळत होती. ई उतरलेला दिसे, मी खुंटी चढवी, की लगेच तरफेचा सूर चढे, मग मी नट आवळी, की पुन्हा ई उतरे. अखेर एका जाणत्या वादकाने तो नट पाव फेरा सैल करून दाखवला, आणि कुणी खुंटीला बोटही न लावता मोकळा ई वर सरकला. तरफ सुटलेली असताना नट आणि चेंजरच्या बोटामध्ये किंचित ढील असावीच लागते. ती नसेल तर बोट थांब्यावर टेकत नाही आणि मोकळा सूर खुंटीच्या नव्हे, नटाच्या ताब्यात जातो. नट थोडा सैल करून मोकळा सूर बदलतो का, हे प्रत्येक तारेवर पाहायला दहा मिनिटे लागतात. मी ती सहा महिने दिली नव्हती.

आता असे दोन दोष, जे खरे तर बिघाड नाहीतच. पहिली दोन्ही पेडले एकत्र दाबली की चार तारा एकाच वेळी ताणल्या जातात, वाद्याचा सांगाडा किंचित वाकतो आणि ज्यांना पेडलचा स्पर्शही नाही अशा ई च्या तारा काही सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतात. पेडले सोडताच त्या आपोआप जागेवर येत असतील, तर तेल, नट, स्प्रिंग यांपैकी कशालाच दोष देऊ नये. अनेक वादक पेडले दाबलेल्या अवस्थेत ई लावतात, म्हणजे मोकळ्या अवस्थेत तो जरासा चढा राहतो. काहीजण ती उणीव भरून काढणारी जादा सळी बसवून घेतात.

दुसरा दोष ट्यूनरच्या काट्याचा. सर्व तारा काट्यावर शून्याला आणल्या तरी स्वरसंघात, म्हणजे एकत्र वाजवलेल्या सुरांत, ई आणि जी शार्प एकमेकांशी खटकतात. ई हा षड्ज धरला तर जी शार्प हा त्याचा गंधार, आणि ट्यूनर समविभागी (बारा सारख्या भागांच्या) सप्तकाचा गंधार दाखवतो आणि तो ४०० सेंटचा असतो, तर शुद्ध गंधार ३८६ सेंटचा. तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार ज्याच्या कानात बसला आहे, त्याला संवादिनीचा गंधार का चढा वाटतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पेडल स्टीलचे सूर दीर्घकाळ रेंगाळत असल्याने हा फरक इथे फारच उघडा पडतो. म्हणून कानाने लावणारे वादक जी शार्प सुमारे १४ सेंट खाली ठेवतात. ए जर ई शी शुद्ध जुळवला तर तो २ सेंट खाली येतो आणि पहिल्या पेडलचा सी शार्प १६ सेंट. पण मग पहिल्या व सातव्या तारेवरचा एफ शार्प पेचात पडतो. मोकळ्या बी शी जुळवायचा तर तो शून्यापासून ४ सेंट वर हवा, आणि पेडलच्या सी शार्पशी जुळवायचा तर १८ सेंट खाली. हे २२ सेंटचे अंतर म्हणजे नाट्यशास्त्रकार भरताच्या प्रमाणश्रुतीचे, म्हणजे त्याने सांगितलेल्या सूक्ष्म स्वरांतराचे, माप जे सर्वसाधारणपणे मानले जाते, तेच; ते कुठल्याही नटाने नाहीसे होत नाही. एफ शार्प मधे कुठेतरी ठेवावा लागतो, आणि नेमका कुठे, हे आपण कोणते स्वरसंघ अधिक वाजवतो आणि सोबतीला पियानो आहे की नाही, यावर ठरवावे. माझ्या मते काट्याशी भांडणारा विद्यार्थी इथेच सर्वाधिक वेळ वाया घालवतो.

राहिला तारा बदलण्याचा सल्ला. जुन्या, गंजलेल्या तारा बदलाव्यात यात वाद नाही, आणि तिसरी तार तर बहुधा ०.०११ इंच जाडीची असून सतत ओढली जात असल्याने चेंजरवरच्या वळणापाशी वारंवार तुटतेच. ती फारच लवकर तुटत असेल तर बोटाच्या माथ्यावर खाच पडली आहे का ते पाहावे, कारण खाच तशीच ठेवून चढवलेली नवी तारही तिथेच तुटेल. नवी तार चढवल्यावर ती हाताने ताणून बसवावी, प्रथम मोकळा सूर, मग चढते सूर आणि शेवटी उतरते सूर लावावेत, आणि ते सारे एकदा पुन्हा तपासून पाहावे.

आपला नम्र,
पेडल स्टील वाजवणारा एक वाचक