आधी बोल्ट मोजा, मग पोरं बोलवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारी घरच्या घरी नव्या करण्याबद्दलचा लेख वाचला. लिहिणाऱ्याची हौस खरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण 'बोल्ट सोडा, आठ मित्र बोलवा, बॉडी उचलून बाजूला ठेवा, एका रविवारात काम फत्ते' हे वाक्य आणि त्याच्या शेजारी अँबेसिडरचा फोटो, असं एकत्र छापलेलं बघून मला वही-पेन घेऊन बसावं लागलं. मंगळवारी सकाळी मिरजेचे एक गृहस्थ ते कात्रण घेऊन माझ्या दारात उभे. वडिलांची अँबेसिडर आहे त्यांच्याकडे. दोन दिवस गाडीखाली झोपून बॉडीचे बोल्ट शोधत होते. सापडेनात, म्हणून कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला.

सापडणार कुठून? अँबेसिडरला वेगळी चासीच नाही, म्हणजे बॉडी जिच्यावर बोल्टने बसते तो खालचा सांगाडाच नाही. तळ, खांब, टप सगळं एकमेकांना वेल्ड केलेली एकच पेटी. प्रीमियर पद्मिनीचंही तसंच. जुन्या जीपची बॉडी चासीवरून सुटते, आणि मोटारींत म्हणाल तर स्टँडर्ड हेरल्डची सुटते. माझ्याकडे हेरल्ड आहे, १९६६ ची, दोन दारांची. तिची बॉडी मी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या अंगणात काढून परत बसवली आहे, म्हणून हा आगाऊपणा करतोय.

हेरल्ड अशी का, तेही सांगतो. इंग्लंडमध्ये ती १९५९ साली आली. त्या काळात बाकीचे कारखाने चासी सोडून एकसंध पेटीकडे निघाले होते. पण हेरल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला पत्र्याचं काम करून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला, आणि अख्खी पेटी दाबून द्यायला कुणी उरलं नाही. मग त्यांनी खाली जुन्या पद्धतीची चासी ठेवली आणि वर तुकड्या-तुकड्यांची बॉडी बोल्टने जोडली. रेखाटन मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. १९६१ पासून ती मद्रासला बनायला लागली. अडचणीतून निघालेली वाट आम्हा फिटर लोकांच्या पथ्यावर पडली. बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, इंजिन सगळ्या बाजूंनी मोकळं. आणि २५ फुटांत वळते, त्यामुळे गावभागाच्या बोळात तिच्यासारखी गाडी नाही.

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं फिटर होतो. गाडी घेतली १९९३ मध्ये, गणपती पेठेतल्या एका हळदीच्या अडत्याकडून. मागच्या सीटवर कोंबडी उबवणीला बसली होती. ती उठेपर्यंत थांबा म्हणाले. थांबलो.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट २०१९ चा महापूर इथे कुणाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. आम्ही माणसं, गॅसची शेगडी आणि देव माडीवर नेले. गाडी अंगणात राहिली. पाणी उतरल्यावर तिच्या टपावर गाळाची रेघ होती.

गावातल्याच एका गॅरेजला दिली. नाव लिहीत नाही. इंजिन त्यांनी चांगलं उघडलं, त्याबद्दल वाद नाही. रंगही झकास मारला. खालच्या चासीबद्दल विचारलं तर म्हणाले, "काका, प्रेशरनं धुऊन काळा अँटीरस्ट मारलाय, पंधरा वर्षं बघायला नको." मी स्वतः फिटर, आणि खाली वाकून बघितलं नाही. नवा रंग बघून भुललो.

२०२२ च्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उचलून लावावं लागायला लागलं. दार उतरलं की लोक बिजागरीवर संशय घेतात. बिजागरी ठणठणीत होती. मग गाडीखाली गेलो. हेरल्डच्या चासीला मधल्या दोन मुख्य पट्ट्यांपासून बाजूला हात निघालेले असतात, बॉडी त्यांवर टेकते. हे हात आतून पोकळ. त्यातल्या एकाला पेचकस टोचला. काळा रंग अंड्याच्या कवचासारखा फुटला, पेचकस मुठीपर्यंत आत गेला, आणि माझ्या चष्म्यावर भुकटी सांडली. चहा पावडरीसारखी, कोरडी, बारीक. कृष्णेचा गाळ! तीन वर्षं तो आत बसून पावसाळ्यात ओल धरत होता आणि आतून पत्रा खात होता. बाहेरून पंधरा वर्षांचा अँटीरस्ट.

हे सगळं लिहायचं कारण हेच. सांगली-मिरजेत पाण्यात बसलेल्या जुन्या गाड्या अजून आहेत, २०२१ च्या पुरातल्याही आहेत, आणि त्यांच्यावर नवा रंग चढवून मालक निवांत आहेत. ज्याच्या गाडीला सुटी चासी आहे त्याने रंगाचे पैसे देण्याआधी बॉडी उचलून बघावी. काम घरी होतं. पण लेखात लिहिलंय तसं होत नाही.

मी जानेवारीत सुरुवात केली, पाऊस लांब असताना. रोज संध्याकाळी दोन तास, असे तीन आठवडे गेले. उचलायला लागली वीस मिनिटं. लेखात ती वीस मिनिटं आहेत आणि तीन आठवडे गायब आहेत.

पहिलं काम बोल्टला हात न लावता करायचं. दोन्ही दारं बंद करून चारी बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवल्या. मग दारं काढून दाराच्या मोकळ्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक इंची अँगल आडवे आणि तिरके मारले. हे विसरलात तर बॉडी चासीवरून सुटल्यावर मध्ये वाकते, कारण दोन दारांच्या गाडीत तिथे धरून ठेवायला फारसं काही नसतं. वाकलेली बॉडी परत बसेल, दार कधीच बसणार नाही.

मग पेट्रोलची टाकी. ती डिकीत असते. रिकामी करून अंगणाबाहेर नेऊन ठेवली, कारण पुढे ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार होत्या. बॅटरी, बोनेट, सीटा, गालिचे निघाले. गिअरबॉक्सवरचं पुठ्ठ्यासारखं झाकण आतून निघालं. स्टिअरिंगचा दांडा खाली जिथे जोडतो तिथे पंचने खूण करून सोडला. ब्रेक आणि क्लचचे पाइप, हँडब्रेकची केबल, मीटरची केबल, चोक, ॲक्सिलरेटर, सगळी वायर. ब्रेक ऑइल नव्या रंगावर सांडू देऊ नका, रंग साल निघावी तसा निघतो. माझा एक तळहाताएवढा निघाला.

आता बोल्ट. गाडी इंग्रजी आहे, बोल्ट इंची आहेत. बॉडीच्या बोल्टच्या डोक्याला अर्धा इंची पाना लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. आजकालच्या पोरांकडे १३ नंबरचा असतो. तो बसतो, पण ढिला. गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी घेऊन रडायची पाळी येते. माझ्या आधीच्या गॅरेजवाल्यांनी चार बोल्ट असेच गोल करून ठेवले होते. रोज रात्री प्रत्येक बोल्टला डिझेल आणि रॉकेल सारख्या भागाने पाजलं, आठवडाभर. बरेचसे पान्याने निघाले. काहींच्या आतली नट तिला धरणाऱ्या पत्र्याच्या पिंजऱ्यात गरगर फिरायला लागली, त्यांची डोकी कापावी लागली.

आणि प्रत्येक बोल्टाखाली, बॉडी आणि चासीच्या मध्ये, उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या असतात. कुठे एक, कुठे तीन. कारखान्यात ज्याने ही गाडी जुळवली त्याने त्या पट्ट्यांनी दारांच्या फटी सारख्या केल्या होत्या. त्या सगळ्या एका डब्यात टाकल्या की झालं कल्याण. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून त्यावर वरून दिसते तशी गाडी काढली, आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच त्याच्या पट्ट्या आणि वायसरासकट खुपसला. एका दुपारी रद्दीवाला तो पुठ्ठा घेऊन चालला होता. आमच्या मंडळींनी त्याला बोळाच्या तोंडाशी गाठलं. त्या दिवसापासून या प्रकल्पात त्यांचा शब्द शेवटचा.

उचलण्याची तऱ्हा अशी. गाडीची रुंदी पाच फूट, म्हणून वखारीतून आठ फुटी दोन वासे आणले. जॅकने एकेक कोपरा थोडा-थोडा उचलून मध्ये बाभळीचे ठोकळे सारले. फट झाल्यावर बॉडी आणि चासीच्या मधून दोन्ही वासे आरपार घातले, एक पुढे, एक मागे. मग गल्लीतल्या मंडळाची आठ पोरं, एका वाशाला चार. त्यांना मी एवढंच सांगितलं, की पालखीसारखं उचलायचं, मिरवणुकीसारखं नाही. दोन्ही बाजूंना दोनशे लिटरचे चार ड्रम पाणी भरून उभे केले होते, वाशांची टोकं त्यांवर टेकवायची. बॉडी दोन फुटांच्या वर जायलाच हवी, कारण चासी पुढे ओढताना मागची चाकं बॉडीच्या तळाखालून जातात. आणि विटा वापरू नका. भाजकी वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक आधी काही न सांगता फुटतो, आणि तुम्ही खाली असता.

पोरांनी "मोरया" म्हटलं, तीन कोपरे वर आले, चौथा येईना. अजून जोर लावतो काका, म्हणाली. मी ओरडलो, खाली ठेवा! इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची वेणी मी विसरलो होतो. ३१ वर्षांचा फिटर. ती सोडली आणि बॉडी अशी वर आली की पोरंच दचकली. दारं, सीटा, काचा काढल्यावर तिच्यात वजन फारसं राहत नाही. चासी इंजिनासकट चाकांवर ढकलत पिंपळाखाली नेली. वर नुसता टप, खाली चार ड्रम. शेजारची म्हातारी म्हणाली, मांडव चांगला झालाय, कुणाचं लग्न?

चासीच्या दुरुस्तीचं लांबवत नाही. पोकळीतून दोन घमेली गाळ निघाला, तो जास्वंदीच्या कुंडीत गेला. सडलेले हात कापून दोन मिलिमीटरच्या पत्र्याचे नवे केले. कापण्याआधी आणि वेल्डिंगनंतर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेऊन ताडली. चार महिने लागले, त्यात दोन माझ्या कंबरेचे. बसवताना मात्र एक लक्षात ठेवा. सगळे बोल्ट आधी हाताने लावून घ्यायचे, दारं टांगायची, फटी बघायच्या, मगच आवळायचं. पहिल्यांदा मी घाई केली आणि सगळं पुन्हा ढिलं करावं लागलं. आता दार एका बोटाने लागतं.

जाता जाता कागदपत्रांबद्दल, कारण लेखात तेही अर्धवट आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे ५,०००. नंबरात 'व्हीए' येतं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. सडलेला हात बदलून त्याच मापाचा बसवणं हा माझ्या मते फेरफार नव्हे, दुरुस्ती आहे. पण मत माझं आहे, शिक्का नोंदणी करणाऱ्यांचा. म्हणून चासी नंबरच्या जागेला ग्राइंडर तर सोडाच, सँडपेपरही लावू नका, आणि आधीचे-नंतरचे फोटो ठेवा. मी व्हिंटेज नोंदणी केलेली नाही. ती केली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. आम्ही श्रावणात दर सोमवारी हरिपूरला संगमेश्वराला हेरल्डनेच जातो.

मिरजेच्या गृहस्थांना मी चहा पाजला आणि अँबेसिडरच्या दाराखालच्या पट्ट्या पेचकसाने टोचून बघायला सांगितलं. त्यांच्या पिशवीत पाने होते, सगळे मिलिमीटरचे. तर आपण पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, की फोटोतल्या गाडीची बॉडी सुटत नाही. कात्रण ते माझ्याकडेच विसरून गेलेत, हवं असेल तर पाठवतो.

आपला,
एक निवृत्त फिटर, गावभाग, सांगली