पार्किंगचे पैसे त्याच रस्त्यावर दिसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहराच्या मध्यभागात रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क आणि त्याच रस्त्यांवर नवे सायकल मार्ग, असे दोन निर्णय एकदमच आले आणि मध्यवस्तीत एकच गहजब उडाला. सायकलवाले विरुद्ध गाडीवाले, दुकानदार विरुद्ध रहिवासी असे तट पडले आहेत. मी याच भागात राहतो. शुल्क मला मान्य आहे आणि सायकल मार्ग तर हवाच आहे. पण वसूल होणारा पैसा कुठे जाणार, हे आधी ठरले नाही तर दोन्हींचा बट्ट्याबोळ होईल, अशी भीती वाटते.

शुल्क का, हे पटण्यासारखे आहे. एक मोटार उभी करायला साधारण बारा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एका लहान खोलीएवढी सार्वजनिक जमीन. ती फुकट असली की सकाळी पहिला आलेला माणूस गाडी लावतो ती थेट संध्याकाळी हलवतो, आणि दहा मिनिटांच्या कामासाठी आलेला चकरा मारत राहतो. जपानने तर १९६२ सालीच कायदा केला की, गाडी ठेवायला स्वतःची जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय तिची नोंदणीच करायची नाही. इतके कडक पाऊल आपल्याकडे लगेच कोणी मागत नाही.

दर मात्र विचारपूर्वक ठरवायला हवा. दिवसभर, सगळ्या रस्त्यांवर एकच दर लावणे प्रशासनाला सोपे जाते, पण त्याने काही साधत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून रस्त्यागणिक आणि वेळेनुसार वेगळे दर लावून पाहिले. जिथे गर्दी तिथे दर वाढवला, जिथे जागा रिकाम्या तिथे उतरवला. अनेक ठिकाणी तो आधीपेक्षा खाली आला. दर तिजोरी भरण्यासाठी नसून प्रत्येक रस्त्यावर एखाद-दोन जागा मोकळ्या राहाव्यात यासाठी आहे, हे लोकांना दिसले की विरोध आपोआप निवळतो.

रहिवाशांची अडचण वेगळी आहे आणि ती कोणी नीट ऐकून घेत नाही. इथल्या जुन्या इमारती बांधल्या तेव्हा वाहनतळाचा विचारच नव्हता. इथल्या माणसाने रोज रात्री स्वतःच्या दारासमोर बाहेरच्यांच्या दराने पैसे भरायचे, हा न्याय नव्हे. घरटी एका गाडीला सवलतीचा रहिवासी पास आणि दुसऱ्या गाडीला पूर्ण दर, एवढे करता येईल. शिवाय मुख्य रस्त्यावर शुल्क लागले की गाड्या आतल्या गल्ल्यांत घुसतात. तिथे दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर अग्निशमनाचा बंब आत येणार कसा? गल्ल्यांचा बंदोबस्त शुल्कासोबतच व्हायला हवा, नंतर नाही.

आता पैशाविषयी. अमेरिकेत पासाडिना शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये पार्किंग मीटर बसवायचे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांचा कडवा विरोध होता. गिऱ्हाईक पळेल, हीच भीती. शेवटी तोड निघाली ती अशी की, मीटरचे सगळे उत्पन्न त्याच भागात खर्च करायचे. त्यातून पदपथ दुरुस्त झाले, दिवे लागले, झाडे आली, सफाई सुधारली, आणि पडक्या अवस्थेतली ती पेठ पुन्हा गजबजली. आपल्याकडे पावती फाडली की रक्कम सर्वसाधारण निधीत जमा होते. पुढे तिचे काय होते, ते पैसे भरणाऱ्याला कधी कळत नाही. दुकानदारांचा राग शुल्कापेक्षा या अंधारावर अधिक आहे, असे माझे मत आहे.

सायकल मार्गाला या पैशाची सर्वाधिक गरज आहे, कारण आज तो म्हणजे नुसता रंग आहे. शाळा सुटायच्या वेळेस कोणीही उभे राहून पाहावे. पांढऱ्या पट्ट्याच्या आत टेम्पो उभा, मागचे फाळके खाली सोडलेले, माल उतरतोय. मागून दप्तर अडकवलेली मुलगी सायकलवर येते, ब्रेक दाबते, मान वळवून मागे बघते आणि बसच्या पुढ्यातून वळसा घालून पुन्हा पट्ट्यात शिरते. चार पावलांवर मोटारीचे दार उघडते, की पुन्हा तेच. असा मार्ग नसता तर ती निदान पहिल्यापासून सावध राहिली असती. त्या टेम्पोवाल्यालाही बोल लावता येत नाही, कारण माल उतरवायला त्याला जागाच ठेवलेली नाही.

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात सायकलींचे प्रमाण नगण्य होते. तिथे २००६ नंतर थोड्याच वर्षांत रहदारीपासून अलग केलेले आणि एकमेकांना जोडलेले मार्ग बांधले गेले आणि सायकलस्वारांची संख्या कित्येक पटींनी वाढली. आपल्याकडे मार्ग चौकाच्या अलीकडे संपतो आणि पलीकडे कुठेतरी पुन्हा उगवतो. खरा धोका असतो तो चौकातच, आणि नेमके तिथेच सायकलस्वाराला वाऱ्यावर सोडलेले असते. मग ‘इथे सायकल चालवतो कोण?’ असे विचारायला आपण मोकळे!

ज्येष्ठ आणि अपंग नागरिकांना गाडीतून उतरायला पदपथालगत राखीव जागा हवी. मधल्या अडथळ्यांमुळे त्यांना लांबून चालत यावे लागू नये. आराखड्यातच ही सोय केली तर फार खर्चही येणार नाही.

प्रशासनाकडे माझी मागणी आहे ती अशी. पार्किंग शुल्काचे स्वतंत्र खाते उघडावे, रस्तानिहाय जमा-खर्च दर तीन महिन्यांनी त्याच रस्त्यावर फलक लावून जाहीर करावा, आणि पहिला खर्च सायकल मार्गाला खांब व कठडे बसवण्यावर आणि माल उतरवण्याच्या जागा आखण्यावर व्हावा. याचे लेखी आश्वासन हरकती-सूचनांची मुदत संपण्याआधी मिळावे.

आपला,
मध्यवस्तीतील एक रहिवासी