नटाचा जोडधंदा: आधी बदली माणूस मिळतो का ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम जवळ आला की संभाजीनगर, परभणी, नांदेड, लातूरकडच्या होतकरू नटांना एकच सल्ला मिळतो: डिलिव्हरी कर, वेळ आपल्या हातात असतो. तो नसतो. जेवणाच्या ऑर्डरी पडतात दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी सात ते अकरा. तालीमही सातलाच उभी राहते, कारण नोकरीवाली मंडळी त्याआधी सुटत नाहीत. ज्या तासांत चार पैसे सुटतात तेच तास तालमीचे. संध्याकाळच्या शिकवण्यांचंही तेच, सकाळच्या जमतात.

काम धरताना मोबदल्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. संध्याकाळ मोकळी राहते का आणि एका दिवसाच्या सूचनेवर बदली माणूस देता येतो का. मुंबईच्या ऑडिशनचा निरोप बरेचदा आदल्या दिवशी येतो. रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी दादरला उतरून अंधेरी गाठायची आणि रात्रीच्याच गाडीने परतायचं. मधला अख्खा दिवस गेला. दुकानातली किंवा कॉल सेंटरची पाळी असं तीन वेळा झालं की सुटतेच, आणि रात्रपाळीत आठ तास बोलून घसाही बसतो तो वेगळाच.

आपल्याकडे सगळ्यात जमणारं काम म्हणजे शाळांची गॅदरिंगं बसवणं. डिसेंबर-जानेवारीत मागणी असते आणि सराव शाळेच्या वेळेत होतो, म्हणजे संध्याकाळ सुटते. दर मात्र गाण्यामागे ठरवावा, एकरकमी नको. एकरकमी ठरलं की 'सर, नर्सरीचं एक छोटंसं गाणं तेवढं' म्हणत दोन गाणी फुकटात वाढतात. कपड्यांचं भाडं शाळेनं थेट दुकानदाराला द्यावं. आपल्या खिशातून भरलं की ते निघायला शिमगा उजाडतो. एखादा सहकारी पहिल्या दिवसापासून सोबत ठेवला तर ऑडिशनच्या दिवशी तोच सराव घेतो, मुलंही बुजत नाहीत.

आवाजाचं काम त्याखालोखाल. रिक्षावरच्या भोंग्याच्या जाहिराती, कोचिंग क्लासच्या चित्रफिती, निवडणुका लागल्या की प्रचाराची रेकॉर्डिंगं. याला महागडा स्टुडिओ लागत नाही. छोटी खोली, मागे आणि बाजूला गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका. समोर धरला की 'प', 'फ', 'भ' फुटतात. तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द नीट बसतात, गिऱ्हाईक शंभर लिहून आणतं. शब्द तिथंच कापून घ्यावेत, घाईनं वाचलेलं भोंग्यावर कुणाला कळत नाही. फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये आवाज दबतो. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकाची स्वरचाचणीही द्यावी. काम महिन्यातून मोजकंच मिळतं, पण उच्चारांना शिस्त लागते.

लग्नातल्या सूत्रसंचालनात पैसा बरा आहे. मात्र मुहूर्ताची तारीख हलत नाही, आणि तिथं ऐनवेळी बदली चालत नाही. त्यामुळे प्रयोगाच्या आगेमागची तारीख घेऊच नये. निम्मा इसार आधी, उरलेले पैसे जेवणावळी सुरू होण्यापूर्वी. मंडप सुटल्यावर यजमान सापडत नाहीत.

सरकारी योजनांच्या पथनाट्यांवर घरभाड्याची भिस्त ठेवू नये. काम अभिनयाचंच, पण बिल महिनोन्‌महिने अडकतं, आणि बहुतेकदा कागदापायी. प्रत्येक गावात ग्रामपंचायतीचा सही-शिक्क्याचा दाखला आणि तारीख-ठिकाण उमटलेला फोटो प्रयोग संपताक्षणी घ्यावा. नंतर शिक्का आणायला पुन्हा जाण्याचं पेट्रोल मानधन खातं. पॅन क्रमांक दिलेला नसेल तर करकपात २० टक्क्यांनी होते. दिला असेल तर बहुधा कमी होते, आणि कर लागत नसल्यास विवरणपत्र भरून ती परतही मिळते. पोरं ते भरतच नाहीत.

विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलेल्यांनी रंगभूषा आणि प्रकाशयोजना विसरू नयेत. त्यावर नवरीचा मेकअप किंवा कार्यक्रमाची लाइट सांभाळण्याचं काम मिळतं. अशा हातांचा गावात तुटवडा आहे, नटांचा नाही!

ऑडिशनसाठी नोंदणी फी किंवा अमुक फोटोग्राफरकडूनच पोर्टफोलिओ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. पहिली चाचणी घरूनच देता येते. फोन डोळ्यांच्या उंचीवर, खिडकी तोंडासमोर, मागे कोरी भिंत. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव, मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू.

एक मागणी नाट्यसंस्थांकडे. तालमीचं वेळापत्रक आठवड्याआधी कागदावर द्या. 'संध्याकाळी फोन करतो' या पद्धतीमुळे मुलांना कुठलंच काम धरता येत नाही, आणि मग पहिला बळी तालमीचाच जातो.

आपले,
हौशी रंगभूमीवरचे काही वाचक, परभणी